राजीनामा लिहून देऊ नका

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. पुण्यात खराडीतल्या एका खासगी कंपनीत क्लायंट सांभाळण्याचं काम करते. कॉलेजात असताना मी स्वतःला इजा करून घ्यायचे. उपचार झाले, ते थांबूनही बरीच वर्षं झाली, पण डाव्या हातावर व्रण राहिलेत. एप्रिलच्या उकाड्यात एकदा अर्ध्या बाह्यांचा कुर्ता घातला आणि वागणूक बदलली. मॅनेजरने क्लायंट मीटिंगमधून काढलं. एचआरने आधी ‘पूर्ण बाह्या घालत जा’ सांगितलं, मग मानसोपचारतज्ज्ञांचं सर्टिफिकेट मागितलं. आता ‘स्वतःहून राजीनामा दे, रिलीव्हिंग लेटर चांगलं देऊ’ म्हणतात. सगळं तोंडी. हा गुन्हा आहे, पोलिसांत कळवू, असंही एका वरिष्ठांनी सुनावलं. मॅडम, मी काय करू?

उत्तर : पोलिसांचा विषय आधी संपवू. स्वतःला इजा करून घेणं हा गुन्हा नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला भारतीय दंड संहितेत कलम ३०९ होतं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते उरलेलं नाही. सरकारी नोकराला त्याच्या कर्तव्यापासून अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली येतो. तुमचा त्याच्याशी संबंधच नाही.

आता राजीनामा. सगळं तोंडी का चाललंय, याचा विचार करा. ‘हातावर व्रण दिसतात म्हणून काढलं’ असं कंपनी कागदावर लिहिणार नाही. तुम्ही राजीनामा दिलात की तिला कारण लिहावंच लागत नाही. नंतर ‘जबरदस्ती झाली’ म्हणालात, तर ती सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. तेव्हा आजच एचआरला ईमेल करा : अमुक तारखेला मला मीटिंगमधून काढलं, अमुक तारखेला राजीनामा द्यायला सांगितलं, दोन्हींची कारणं लेखी कळवावीत. आरोप नको, रागही नको. व्हॉट्सॲपवर काही आलं असेल तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मूळ मेसेज आणि तो फोन जपा, कोर्टात असा पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो.

पुढचा मुद्दा मला स्वतःला खटकतो, म्हणून सविस्तर सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात मानसिक आजाराचा समावेश आहे. कलम ३ भेदभावाला मनाई करतं आणि कलम २१ नुसार खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला नसेल तर हक्कच नाही, असं सरसकट नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात ते स्पष्ट केलंय. पण कायद्याच्या व्याख्येला दीर्घकालीन अडचण लागते. तुम्ही तर बऱ्या झालात! म्हणजे आजारी असतात तर कायद्याचं छत्र होतं. बरं होऊन नुसते व्रण उरले, तर ते डोक्यावर येईलच असं नाही. आजही औषधं किंवा थेरपी चालू असेल तर हा रस्ता खुला आहे, आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यातच आहे. मात्र तिथे जायचं म्हणजे स्वतःला दिव्यांग म्हणवून घेणं आलं. ते करायचं की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. वकिलाने त्यासाठी घाई करू नये.

तुमच्या स्थितीत मला मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ जास्त कामाचा वाटतो. त्याचं कलम ३ सांगतं की उपचाराशी थेट संबंध असल्याशिवाय किंवा कायद्याने सांगितल्याशिवाय कुणीही कुणावर मनोरुग्णाचा शिक्का मारू नये, आणि पूर्वी उपचार झाले एवढ्यावरून आज कुणी आजारी ठरत नाही. कलम २३ तुमच्या डॉक्टरांना गोपनीयतेने बांधतं. तेव्हा एचआरने परस्पर फोन केला तरी त्यांनी काही सांगता कामा नये. दवाखान्यात तशी सूचना देऊन ठेवा. सर्टिफिकेटचा आग्रह राहिलाच, तर कोणत्या नियमाखाली हवं ते लेखी विचारा. द्यायचं ठरलं तरी ‘कामास योग्य’ एवढंच असावं, निदान किंवा जुना इतिहास नको.

बाह्यांबद्दल स्पष्टच सांगते : सगळ्यांना सारखा ड्रेस कोड लावायची कंपनीला मुभा आहे. फक्त तुम्हालाच पूर्ण बाह्या आणि शेजारच्या टेबलवर अर्ध्या, असं असेल तर ते तुमच्या ईमेलमध्ये यायला हवं.

या ताणात जुनं काही उसळून आलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

खासगी नोकरीत राज्यघटनेच्या समानतेच्या कलमांवर थेट दावा सहसा टिकत नाही, त्यामुळे काढून टाकलंच तर लढाई कामगार कायद्याखाली होईल. तिथे तुम्ही ‘कामगार’ ठरता का, हे ठरवताना हुद्द्यापेक्षा रोजचं काम काय, हे पाहतात. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. म्हणून कामावरून काढल्याचं पत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा. नेमणूकपत्र, वार्षिक मूल्यांकन आणि क्लायंटकडून आलेले कौतुकाचे मेल ऑफिसचा लॉगिन बंद व्हायच्या आत जमवा, पण कंपनीची गोपनीय माहिती घरी नेऊ नका, नाहीतर त्यांना आयतं कारण मिळेल.