हमी संपली, पण ते एक वाक्य अजून जिवंत आहे

तुमच्या पाच वर्षांच्या लॅब्रॅडॉरला अंधारात पायऱ्या दिसेनाशा झाल्या, नेत्रतज्ज्ञांनी पीआरए हा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार सांगितला आणि पिल्लू विकणारा ब्रीडर म्हणतो, वर्षाची हमी केव्हाच संपली. तरी भरपाई मागता येईल का, असं तुम्ही विचारता. थोड्याफार फरकाने अशी पत्रं मला नेहमी येतात.

हमीच्या कलमाचा नाद सोडा. या जातीत पीआरसीडी प्रकारचा पीआरए बहुधा चौथ्या ते सहाव्या वर्षी लक्षात येतो. वर्षभराच्या हमीत त्याची लक्षणं दिसणारच नव्हती. तुमचा दावा करारातल्या दुसऱ्याच वाक्यावर उभा राहील : ‘पिल्लाचे आई-वडील दोघेही पीआरसीडी डीएनए चाचणीत क्लिअर आहेत.’ क्लिअर म्हणजे ज्यांच्यात हा जनुकीय दोष नाही असे. हे वाक्य विक्रीच्या दिवशीच्या वस्तुस्थितीबद्दलचं विधान आहे, त्यामुळे हमीची मुदत त्याला लागू नाही, असं मी मांडेन.

आता जनुकांचं गणित पाहा. हा दोष अप्रभावी आहे. आजार होण्यासाठी सदोष प्रत आई आणि वडील, दोघांकडूनही यावी लागते. एकच प्रत असलेला कुत्रा वाहक असतो, त्याची स्वतःची नजर शाबूत राहते. दोन वाहकांच्या प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता 25 टक्के. पण एक पालक जरी खरोखर क्लिअर असेल, तर पिल्लू आजारी निघत नाही. म्हणजे तुमच्या कुत्र्यात दोन सदोष प्रती सापडल्या, तर दोन्ही पालकांचे अहवाल तरी चुकीचे, नाहीतर सांगितलेले आई-वडीलच खरे नव्हेत. नवं उत्परिवर्तन झाल्याचा बचाव होईल, पण तशी शक्यता अत्यंत कमी.

मात्र पीआरएचे अनेक प्रकार आहेत आणि ते वेगवेगळ्या जनुकांतल्या दोषांमुळे होतात. नेत्रतज्ज्ञांच्या निदानातून जनुक कळत नाही. तुम्ही अजून कुत्र्याची पीआरसीडी चाचणीच केलेली नाही! नमुना पशुवैद्यानेच घ्यावा आणि अर्जावर मायक्रोचिपचा क्रमांक लिहावा. घरी घेतलेल्या स्वॅबवर समोरचा वकील पहिला आक्षेप घेईल. चाचणी नॉर्मल आली, तर या वाक्याचा आधार गेला. बाकी करार पाहिल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही.

पालकांचे अहवाल पैसे देतानाच मागायला हवे होते. त्याहून मला खटकतात ते निदानानंतर नुसते फोन करण्यात गेलेले आठ महिने. तक्रारीची मुदत विक्रीपासून मोजायची की निदानापासून, यावर वाद होणार आणि आधीच रेंगाळणाऱ्या न्यायालयात तेवढ्यावरच कैक तारखा जातील. भरपाई किती मिळेल, हे आज सांगता येणार नाही.

चाचणीच्या निकालासाठी थांबू नका. दोन्ही पालकांचे मूळ अहवाल आणि त्यांचे नवे नमुने मागणारी लेखी नोटीस याच आठवड्यात पाठवा, पोच जपून ठेवा.