'रे' किंवा 'रो' वरून मुलीचं नाव सुचवा, पुढच्या आठवड्यात नागपूरला बारसं आहे

ताई, रे-रो म्हणजे स्वाती नक्षत्र. माझी पहिली पसंती रेवा. हे नर्मदेचं नाव, अर्थ उड्या घेत, खळाळत जाणारी. नागपूरकडून जबलपूरला नर्मदेवर जाणारे पुष्कळ, त्यामुळे आजीला अर्थ समजावत बसावं लागणार नाही. माहूरची देवी कुलदैवत असेल तर मात्र रेणुकाच ठेवा, परशुरामाची आई. रेवती म्हणजे सत्ताविसावं, शेवटचं नक्षत्र आणि बलरामाची पत्नी. 'रो' वरून रोहिणी, चंद्राची लाडकी. जुनं वाटतं, पण हाक मारायला गोड. रोशनी म्हणजे उजेड, फारसीतून आलेलं.

एकमत झालं नाही तरी घाबरू नका, जन्मदाखल्यात नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं.