कोल्हापुरात राहतो. सात वर्षांची मुलगी ‘वर म्हणजे उत्तर’ एवढंच पाठ म्हणते; दिशा आणि नकाशा कसा समजावू?

नकाशा भिंतीवरून काढून जमिनीवर पसरा, म्हणजे ‘वर’चा घोळ निम्मा मिटतो. पण त्याआधी तिला एका संध्याकाळी रंकाळा तलावावर न्या: तोंड मावळतीकडे, पाठ पूर्वेला, उजवा हात उत्तरेला, डावा दक्षिणेला. मग नकाशाची उत्तर बाजू त्याच उजव्या हाताकडे फिरवा. कायमची खूण हवी तर अंबाबाईच्या देवळाचं पश्चिमेकडचं महाद्वार धरा. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणूनच किरणोत्सवात मावळतीचं ऊन गाभाऱ्यात शिरतं. फक्त सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच. डिसेंबरअखेर तो कोल्हापुरात जवळपास २५ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेकडे. तेव्हा मोबाइलमधल्या होकायंत्राशी ताडून घ्या.