नाशिकमध्ये सिडको-अंबड भागात राहायला येतोय. मुलगी सहावीत जाईल. महापालिकेची कोणती शाळा चांगली, तुलना कशी करायची?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, ‘जाऊबाई म्हणतात मनपाच्या शाळेत पोरगी वाया जाईल’, ते वाचलं आणि गॅस बंद करून लिहायला बसले. आमच्याकडे जाऊ नाही, थोरल्या नणंदबाई आहेत. गंगापूर रोडला राहतात.

माझी मुलगी पाचवीपर्यंत इंग्लिश मीडियमला होती. अंबडला मिस्टरांची कंपनी बंद पडली आणि फीचे दोन हप्ते थकले. शाळेने दाखला अडवला. जूनभर मी त्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून काढला. आतली मॅडम मान वर न करता म्हणायची, “आधी क्लिअर करा, मग बघू.” शेवटी शेजारीण म्हणाली म्हणून जवळच्या मनपा शाळेत गेले. मुख्याध्यापिका बाई डबा खात होत्या. त्यांनी तिचं प्रगतिपुस्तक डाव्या हाताने उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाल्या, “दाखला येईल तेव्हा येईल. पोरीला उद्यापासून पाठवा.” मला वाटलं, दया आली असेल. पुढे कळलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे, दाखला नाही म्हणून सरकारी शाळेला आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही. आणि आधीच्या शाळेने तो ताबडतोब द्यायचा असतो, हेही त्याच कलमात आहे. मला तेव्हा हे कोण सांगणार?

त्या वर्षी गणपतीच्या आरतीला सगळ्यांसमोर नणंदबाई म्हणाल्या, “खिचडीच्या शाळेत घातली का गं?” मी प्रसाद वाटत राहिले.

सोपं नव्हतंच. सेमी असल्यामुळे गणित-विज्ञान इंग्रजीतच राहिलं, पण इतिहासाला पोरगी रडायची. ‘सोळाशे चौऱ्याहत्तर’ म्हणजे किती, हेच कळेना. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर अजून गोंधळतात तिचे.

पण विज्ञानाच्या बाई! प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. त्यामुळे बाई घरूनच हळद, लिंबू, धुण्याचा सोडा पिशवीत घालून आणायच्या. आठवीतल्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. लेकीने वहीच्या कागदावर हळद चोळली, वर साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि नणंदबाईंपुढे धरला. पिवळ्याचं लाल झालं. “अगंबाई, कुंकू कसं झालं?” नणंदबाई म्हणाल्या. मग लेकीने त्यावर लिंबू पिळलं, परत पिवळं. त्यांचा नातू तिथेच बसला होता. त्याला इंडिकेटरची, म्हणजे रंग बदलून आम्ल की अल्कली ते सांगणाऱ्या पदार्थाची, व्याख्या पाठ होती, इंग्रजीतून धडाधड म्हणून दाखवली. रंग बदलताना त्याने कधी बघितलं नव्हतं.

त्याच वर्षी परीक्षा देऊन तिला एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळाली. नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, आणि विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलांना ही परीक्षा देताच येत नाही. जाऊबाईंना हे नक्की सांगा.

तर तुमचा प्रश्न. मनपाच्या शाळा नंबराने ओळखतात, पण आमच्या शाळेचा नंबर मी देणार नाही, कारण त्या विज्ञानाच्या बाई बदलून गेल्या आणि आता त्या नंबरात काही राहिलं नाही. मनपाच्या शाळेची तुलना इमारतीवरून, स्मार्ट टीव्हीवरून करूच नका. सहावी ते आठवीला किती शिक्षक आहेत, तेवढं विचारा. नियमाने गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक तरी हवा आणि ३५ मुलांमागे एक. कागदावर असतात, पण एक सर मतदार यादीच्या कामाला गेलेले असतात. म्हणून यूडायसच्या, म्हणजे शाळांची सरकारी माहिती असते त्या साइटवर शाळेचा ११ आकडी नंबर टाकून आकडे बघा आणि नंतर मधली सुट्टी संपताना स्वतः जाऊन वर्गावर कोण येतंय ते मोजा.

वरच्या वर्गांचा पटही बघा. आपल्याकडे अनुदानित हायस्कुलं पाचवीपासून असतात. मे महिन्यात त्यांचे शिक्षक दारोदार फिरतात, आमच्या गल्लीत दप्तर देऊ, रिक्षा देऊ म्हणत आले होते. पट घटला तर त्यांची नोकरी अतिरिक्त ठरते, त्यांचाही नाइलाज आहे. पण त्यामुळे मनपाची सहावी-सातवी बऱ्याच ठिकाणी ओस पडते. कुठे एका बाकावर तिघी, कुठे अख्ख्या वर्गात अकरा मुलं. आठवीनंतर मुलं कुठल्या हायस्कूलला जातात, हेही विचारून ठेवा.

मुलींचं स्वच्छतागृह आत जाऊन बघा. आमच्या शाळेत कडी नव्हती, दोन वर्षं मुली जोडीने जायच्या, एक दार धरून उभी. पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत गेले तेव्हा पहिला विषय तोच काढला. समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तुम्हीही जा, नुसत्या सह्या करून येऊ नका.

हे सगळं सिडकोपुरतं. पंचवटी, नाशिकरोडचं तिकडच्यांना विचारा. आणि इंग्रजी बोलण्यात मुलगी मागे राहिली, हे कबूल करते. कॉलेजात पहिलं वर्ष गप्पच होती.

नणंदबाई अजून पाहुण्यांना तिची ओळख “ही आधी इंग्लिश मीडियमला होती” अशीच करून देतात. तुम्ही आधी नाव घाला, पुस्तकं घरी येऊ द्या. जाऊबाईंना मग कळवा.