नोकरी करून गाणं शिकायचंय: रोज अर्धा तास रियाज करू की रविवारी सलग चार तास?

रोज अर्धा तासच करा. सहा दिवस खंड पडला की रविवारचा पहिला तास आवाज मोकळा करण्यातच जातो, आणि चौथ्या तासाला थकलेला गळा नको तिथे जोर लावायला शिकतो. गाणं शिकवताना हे मला सतत दिसतं. विभागून केलेला सराव जास्त टिकतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच पाठांतराच्या प्रयोगांतून दाखवलं. तानपुरा लावून दहा मिनिटं मंद्र (खालच्या) सप्तकात लांब स्वर, मग एकच पलटा (स्वरांची ठरावीक क्रमाची रचना), संथ लयीत, प्रत्येक स्वर स्वच्छ येईपर्यंत. वेळ उरला तर चालू बंदिश. मात्र रागविस्ताराला अर्धा तास अपुरा पडतो, त्यासाठी पंधरवड्यातून एकदा तरी सलग बसाच.