हाफिज झाला, आता दहावी कशी होणार?

ही काळजी कोकणातल्या मुस्लिम घरांतून, मालेगाव-औरंगाबादकडून आणि मुंबई-भिवंडीतून वरचेवर सल्ल्यासाठी आमच्याकडे येते. मुलगा अकराव्या-बाराव्या वर्षी मदरशाच्या वसतिगृहात गेला, अख्खा कुरआन पाठ करून, म्हणजे हाफिज होऊन, चौदाव्या वर्षी परतला. दस्तारबंदी, म्हणजे हाफिज झाल्याची पगडी बांधणं, झाली, जेवणावळ झाली. जूनमध्ये शाळेत बसवला आणि दोन महिन्यांत शाळाही नको, कुरआनही नको म्हणायला लागला. खाली दिलेली हकिगत दोन-तीन घरांच्या अनुभवांची मिळून केली आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलगा चौदा वर्षं चार महिन्यांचा. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून पाचवी पास. वडील आखातात. आई आणि चाचा त्याला घेऊन आले होते. आईचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, पोरगा वाईट नाही हो. पण पुस्तक उघडलं की बसूनच राहतो. आणि कुरआन विसरायला लागला तर आम्ही अल्लाहला काय जवाब द्यायचा?" चाचांचं म्हणणं वेगळं : "आळस आहे. मदरशात उस्ताद होते, इथं धाक नाही."

ओळखीने नववीत प्रवेश घेतला होता. घरच्यांनी आखलेला दिवस असा : पहाटे सव्वापाचला फज्रची नमाज, अकरा ते साडेपाच शाळा, साडेसहा ते साडेआठ शिकवणी, इशाची, म्हणजे रात्रीची, नमाज, मग साडेनऊ ते अकरा दौर, म्हणजे पाठ केलेल्याची उजळणी. झोप सहा तास. उजळणी सगळ्यात दमलेल्या वेळी. दमला की अटकायचा, अटकला की चाचा ओरडायचे, मग दुसऱ्या दिवशी तो पोटात दुखतं म्हणायचा. सहाव्या आठवड्यात शाळा बंद पडली.

हे का कोसळलं ते कळायला मदरशातला दिवस माहीत असावा लागतो. हिफ्जच्या, म्हणजे कुरआन पाठ करण्याच्या, वर्गात तीन कामं रोज चालतात : सबक म्हणजे आजचा नवा पाठ, सबक-पारा म्हणजे चालू पाऱ्यातला (कुरआनाच्या तीस भागांपैकी एकातला) आधी झालेला मजकूर, आणि आमोख्ता म्हणजे मागचे पारे. पंधरा ओळींच्या हाफिजी कुरआनात एका पाऱ्याची साधारण वीस पानं, तीस पाऱ्यांची सहाशेच्या वर. रोज एक पान धरलं, आठवड्याची सुट्टी आणि शाबान-रमजानची मोठी सुट्टी वजा केली, तर सव्वादोन ते अडीच वर्षं लागतात. नवा पाठ मगरिब (सूर्यास्ताची नमाज) ते इशा तयार करायचा, फज्रनंतर ताज्या डोक्याने उस्तादांना ऐकवायचा. दुपारी झोप. असर (दुपारनंतरची नमाज) ते मगरिब खेळ. सुट्टी जुमेरातच्या (गुरुवारच्या) दुपारपासून जुम्मापर्यंत (शुक्रवारपर्यंत), रविवारी नाही. वर्ष इस्लामी चांद्र पंचांगातल्या शव्वालात सुरू होतं आणि शाबानात संपतं, म्हणून शाळेच्या जूनशी त्याचा मेळ बसत नाही.

म्हणजे हा मुलगा आळशी असणं जवळजवळ अशक्य होतं. तीन वर्षं रोज सात-आठ तास बसलेला मुलगा तो. आम्ही चाचांना हेच विचारलं : आळशी मुलाने सहाशे पानं पाठ केली असती का? चाचा गप्प राहिले, पण पटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या भेटीत तीन गोष्टी तपासल्या.

पहिली वाचनाची. कुरआन तो भराभर म्हणत होता, पण उर्दूचं सहावीचं पुस्तक अडखळत वाचत होता. घरच्यांना हे नाटक वाटलं होतं. कारण साधं आहे. कुरआनात प्रत्येक अक्षरावर जेर, जबर, पेश या स्वरांच्या खुणा छापलेल्या असतात आणि लिपीचं वळण नस्ख. उर्दूच्या पुस्तकात या खुणा नसतात आणि वळण नस्तालीक. तिथे शब्द ओळखीचा असेल तरच वाचता येतो. शिवाय त्याला मोठ्याने, डोलत वाचायची सवय. वर्गात "मनात वाच" म्हटलं की त्याचं वाचनच थांबायचं. आणि अरबीचा अर्थ त्याला कधी शिकवलेलाच नव्हता, तो आलिमच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या पुढच्या, अभ्यासक्रमात येतो. म्हणजे वाचलेल्यातून अर्थ काढायची सवय तीन वर्षांत लागायला जागाच नव्हती.

दुसरी लिखाणाची. दहा मिनिटं उतारा उतरवून घ्यायला दिला. मिनिटाला आठ शब्द, आणि सातव्या मिनिटाला हात दुखायला लागला. हिफ्जमध्ये लिहावं लागत नाही. तीन तासांची उत्तरपत्रिका लिहायला याच्या दुप्पट वेग तरी हवा. पालक "लक्षात राहत नाही" म्हणतात तेव्हा पुष्कळदा लक्षात असतं, हातातून उतरत नाही.

तिसरी पाठांतराची. इथे एक गोष्ट निघाली ती घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती. मदरशातली त्याची प्रत तिथेच राहिली होती. घरी दिलेली प्रत तेरा ओळींची. हाफिजाला आयत, म्हणजे कुरआनातलं वचन, नुसती कानाने आठवत नाही, ती पानाच्या कुठल्या बाजूला, वरून कितव्या ओळीत आहे हे डोळ्यांसमोर असतं. छापा बदलला की जागा हलते आणि पक्का मुलगाही अटकतो. बाजारात पंधरा ओळींची तीच छपाई मिळते. घ्यायच्या आधी पारा कुठल्या पानावर सुरू होतो आणि पान आयतीवर संपतं का, एवढं जुन्याशी ताडून पाहावं. प्रत बदलल्यावर दोन आठवड्यांत त्याचं अटकणं बरंच कमी झालं. सगळं नाही.

उरलेल्या अटकण्यामागे भीती होती. वसतिगृहातून परतलेल्या मुलाशी आम्ही एकदा तरी एकट्याने बोलतो, पालक बाहेर. प्रश्न साधे ठेवतो : रात्री कुठे झोपायचास, आजारी पडलास तर कुणाला सांगायचास, अटकलास की काय व्हायचं? तो म्हणाला, छडी. रोज नाही, पण व्हायची. घरी चाचांचा आवाज चढला की तोंडातली आयत जाते. बाकी काही घडलं नव्हतं. जेवणाची तक्रार नव्हती, मतबखातल्या (मदरशाच्या स्वयंपाकघरातल्या) भाताची तर तो आठवण काढत होता. (कुणी शरीराला नको तसा हात लावला असं मूल बोललं, तर गोष्ट घरात मिटवू नका. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांच्या मदतीचा १०९८ हा फोन आहे.) आणखी एक त्याने खाली मान घालून सांगितलं. त्याचा आवाज फुटत होता. जलशात किरात, म्हणजे लोकांसमोर सुरात कुरआनपठण, करणारा हाच, आणि आता सूर मध्येच चिरकतो. आईला वाटत होतं तो मशिदीत जायचं टाळतो, खरं तर तो लोकांसमोर म्हणायचं टाळत होता. आवाज स्थिरावायला काही महिने जातात, तोवर जाहीर किरात नको, एवढं ठरवलं की हा प्रश्न सुटतो.

कुरआन विसरणं गुनाह का, यावर फतवा देणं आमचं काम नाही. तो प्रश्न मोहल्ल्यातल्या कारी साहेबांकडे, म्हणजे कुरआनपठणाच्या जाणकारांकडे, पाठवला, आणि त्यांच्याकडूनच एक चाचणी करून घेतली. तिसांपैकी प्रत्येक पाऱ्यातली तीन ठिकाणं विचारायची आणि पाऱ्यांचे ढीग करायचे. पक्के अकरा निघाले, कच्चे तेरा, पार बसलेले, म्हणजे जवळजवळ विसरलेले, सहा. सुरुवातीचे आणि शेवटचे पक्के, मधले कच्चे, हे नेहमीचंच. मधल्या पाऱ्यांत एकसारख्या आयती वेगवेगळ्या सूरांमध्ये (कुरआनाच्या अध्यायांत) येतात, मुतशाबिहात म्हणतात त्यांना. मुलगा एका सूरातून निघतो आणि दुसऱ्यात पोचतो. अशा जोड्यांची एक वही केली : दोन्ही आयती समोरासमोर आणि फरकाचा शब्द लाल शाईत. त्या निमित्ताने रोज थोडं लिहिणंही झालं.

उजळणीसाठी जुनी रीतच कामी आली. वीस पानांचा पारा पाच नमाजांत वाटला तर एका नमाजेला चार पानं येतात, त्याच्या वेगाने आठेक मिनिटं. सुन्नत-नफिलमध्ये, म्हणजे फर्ज नमाजेखेरीजच्या एकट्याने पढायच्या नमाजांत, ती म्हणायची. महिन्यात एक फेरी पुरी होते. बसलेल्या पाऱ्यांची दोन पानं फज्रनंतर कारी साहेबांसमोर. इशानंतर काहीही नाही, दहाला झोप. चाचांना ऐकवणं बंद. हे शेवटचं कलम चाचांना लागलं, पण अम्मीने ते लावून धरलं.

आता शाळा. मूल चौदाच्या आतलं असतं तर शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाखाली वयानुसार वर्गात प्रवेश आणि सोबत विशेष प्रशिक्षण मागता आलं असतं. तेरा वर्षांच्या मुलाचे आईबाप हे वाचत असतील तर थांबू नका, कारण अशा प्रवेशानंतर आठवीपर्यंतचं शिक्षण चौदानंतरही पुरं करता येतं. या मुलापुढे दोन वाटा होत्या. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज, म्हणजे खासगीरीत्या दहावी. त्याला पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला लागतो. किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय, एनआयओएस, जिथे वय चौदा पूर्ण हवं.

आम्ही एनआयओएस सुचवलं. मुख्य कारण वेळापत्रकाचं. राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, एका दमात सगळे विषय. सध्या रमजानही त्याच सुमारास येतो. २०२५मध्ये परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च होती आणि पहिला रोजा २ मार्चला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे हा पेच लगेच सुटत नाही. नव्या हाफिजाला त्याच महिन्यात तरावीह, म्हणजे कुरआन म्हणत पढायची रमजानमधली रात्रीची नमाज, पढवायची असते. रोज सव्वा पारा, वीस रकअत (नमाजेची आवर्तनं), आणि दिवसभर त्याची तयारी. वरून परीक्षा आली की एक काहीतरी जातंच. एनआयओएसची परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी दोनदा होते, नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, आणि विषय सुटे सुटे देता येतात. उर्दू माध्यम आहे, पास व्हायला ३३ टक्के.

वडिलांनी फोनवर विचारलं, "ही दहावी चालते ना पुढे? की नुसता कागद?" चालते. केंद्र सरकारचं मंडळ आहे, अकरावीला आणि आयटीआयला ग्राह्य आहे. धोका दुसरीकडे आहे. गणित-विज्ञान न घेताही पाच विषय पुरे होतात, आणि दलाल सोपे विषय भरून "हमखास पास" सांगतात. मुलाला डिप्लोमा किंवा तांत्रिक कामाकडे जायचं असेल तर हे दोन विषय सोडू नका. अर्ज मंडळाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच भरा. याने उर्दू, अरबी, सामाजिक शास्त्र, गणित, विज्ञान घेतले.

कागदांत मात्र तीन आठवडे गेले. दाखला मदरशाच्या दफ्तरात, नाव दाखल्यावर एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने. महंमद, मोहम्मद आणि नुसतं 'मोहं.' यांनी जितकी मुलं अडवली आहेत तितकी गणिताने अडवली नसतील. मदरशात घालतानाच दाखल्याची साक्षांकित नक्कल घरी ठेवा आणि नावं तेव्हाच जुळवून घ्या.

अभ्यास सकाळी नऊ ते साडेबारा आणि असरच्या आधी एक तास. वाचन वीस मिनिटं : एकच उतारा आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग ओठ मिटून, आणि चार प्रश्नांची लेखी उत्तरं. पाठ म्हणून दाखवायला मनाई. ही मनाई फार महत्त्वाची, कारण धड्याचे धडे तो दोन दिवसांत पाठ करून आईला खूश करत होता आणि प्रश्न जरा फिरवला की गप्प. लिखाण रोज दहा मिनिटं घड्याळ लावून. चार महिन्यांत मिनिटाला सोळा शब्दांवर आला.

गणितात गाडी अपूर्णांकांवर अडली होती. शिकवणीच्या सरांनी त्यावर चांगली युक्ती काढली. पाऱ्याच्या कडेला रुबा, निस्फ, सलासा छापलेलं असतं : पाव, अर्धा, पाऊण. वीस पानांचा पाव पाच, पाऊण पंधरा, तरावीहचा सव्वा पारा पंचवीस. पुढे सूर-ए-निसामधले वारशाचे हिस्से : निस्फ, सुलुस, रुबुअ, सुदुस, सुमुन. हे शब्द त्याच्या तोंडात होतेच, ते अर्धा, तिसरा, चौथा, सहावा, आठवा हिस्सा आहेत हे त्याला पहिल्यांदा कळलं. छेद समान करणं त्याने आई, बायको आणि मुलगी यांचे हिस्से मांडून शिकलं.

ऑक्टोबरच्या परीक्षेला उर्दू, अरबी आणि सामाजिक शास्त्र दिले. तिन्ही निघाले, सामाजिक शास्त्र काठावर. विज्ञान आणि गणित एप्रिलला आहेत. पाऱ्यांतले बसलेले सहाचे दोन राहिलेत, तरावीह यंदा पूर्ण न पढवता कारी साहेबांच्या मागे सामे, म्हणजे ऐकून ताडणारा, म्हणून उभं राहायचं, ते अटकले तर लुकमा द्यायचा, म्हणजे विसरलेलं सुचवायचं, असं ठरलंय. आलिमच्या अभ्यासक्रमाला घालायचं का, हा वडिलांचा प्रश्न दहावीपर्यंत बाजूला ठेवला आहे. मुलाने त्यावर अजून काही म्हटलेलं नाही, आम्हीही विचारलेलं नाही.