बर्फावर पाय घसरू नये म्हणून...

प्रश्न : ताई, डिसेंबरात आम्ही दोघं चार महिन्यांसाठी टोरांटोला मुलाकडे चाललोय. मी ६६, हे ७१. सगळं आयुष्य नौपाड्यात गेलं, बर्फ बघितला तो मनालीला, तोही फोटोपुरता. माझी हाडं ठिसूळ झालीत, पडायची फार धास्ती वाटते. मुलगा म्हणतो बूट इथे आल्यावर घेऊ, ह्यांचं म्हणणं राम मारुती रोडवरून घेतलेले स्पोर्ट्स शूज नवेकोरे पडलेत, तेच नेऊ. काय करावं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलाचं ऐका. आपल्याकडच्या बऱ्याच शूजचा सोल थंडीत कडक होतो आणि मग पकडच राहत नाही. टोरांटोतच काईट नावाची संशोधन संस्था आहे, तिथे बर्फाच्या उतारावर माणसांना चालायला लावून बूट तपासतात, ७ अंशांचा उतार जमला की बुटाला एक हिमकण, जास्तीत जास्त तीन. मुलाला म्हणावं तो हिमकण बघूनच घे. बुटावर चढवायचे काटे पण मिळतात, मात्र घरात, दुकानात शिरताना ते आठवणीने काढा, फरशीवर तेच घसरतात.

आता खरं सांगते, पांढऱ्या भुसभुशीत बर्फाची एवढी भीती नाही, भीती आहे ती न दिसणाऱ्या बर्फाची. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी फूटपाथ नुसता ओला दिसतो. मी मुलीकडे गेले होते तेव्हा सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन चपलांवरच बाहेर आले, पायरी ओली आहे एवढंच वाटलं, आणि दुसऱ्या क्षणी मनगटावर पडले होते. सहा आठवडे प्लास्टर. त्यामुळे ओलं दिसलं की बर्फच आहे असं धरून चाला, सावलीत आणि पुलावर तर नक्कीच.

पावसाळ्यात सोसायटीच्या मागे शेवाळ धरतं तेव्हा आपण कसं जपून पाऊल टाकतो, तसंच. छोटी पावलं, तळवा सपाट, वजन पुढच्या पायावर, गुडघे जरा सैल. हात खिशात नकोत, तोल जाताना तेच सावरतात, म्हणून हातमोजे घाला. गाडीतून उतरताना दोन्ही पाय खाली टेकवून दाराला धरून मगच उठा. दोन्ही हातात पिशव्या तर अजिबात नकोत, पाठीवर सॅक घ्या.

ठिसूळ हाडांचं जाण्याआधी डॉक्टरांशी बोला, औषधं पुरेशी न्या, ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये हाडांचा आजार लपवू नका. काका रक्त पातळ करायची गोळी घेत असतील आणि डोक्यावर पडले तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल.

आणि दाराशी मिठाची बादली ठेवायला सांगा. बाहेर पडायच्या आधी पायऱ्यांवर मूठभर टाकायचं, थोडं थांबायचं. उणे १० च्या खाली मात्र साध्या मिठाने फारसं होत नाही, तेव्हा वाळू टाकायची. आमच्याकडे बादली दाराच्या आतच होती, मी तिच्यावरून हात पुढे करून पिशवी उचलली होती.